बाहेरची कडी

फॉर्मवर छापलं होतं : मुलाचे नाव.
मी लिहिलं, नरहरी दामोदर हेडाऊ, वय त्रेचाळीस,
आणि 'मुलाचे' या शब्दावर आडवी रेघ मारली.
खिडकीतला माणूस म्हणाला, खाडाखोड चालत नाही, बाई.
म्हटलं, दाढी पांढरी होऊन राहिली त्याची,
हा काय, उभा आहे इथंच.
त्यानं नवा फॉर्म दिला. पाच रुपये.

नरहरीला विसाच्या पुढं मोजता येत नाही.
पण कळमन्याच्या बाजारात
संत्र्यांच्या ढिगापुढं बसवा त्याला,
हात फिरतो नुसता : मोठं, मधलं, डागी.
अडत्याची नजर चुकेल, त्याची नाही.
चार वर्षं केलं हे काम
रोजच्या एका तर्री-पोह्याच्या प्लेटवर
आणि 'आपलाच भाऊ आहे' या शब्दावर.
मजुरीचं विचारायला गेले तर अडत्या हसला,
त्याला पैशातलं काय समजते, ताई?
तुम्हाला तर समजते ना, मी म्हटलं.

मग सिमकार्डं.
गल्लीतल्याच एका पोरानं
मोटरसायकलवर फिरवलं सक्करदऱ्यापर्यंत,
आइस्क्रीम दिलं, अंगठा मागितला.
यानं आनंदानं दिला, सहा वेळा.
आपलं काहीतरी कोणाला हवं आहे
याचंच त्याला अप्रूप.
पोलीस आले, तर त्यांच्यापुढंही
त्यानं अंगठाच धरला.

त्या आठवड्यात मी दाराला बाहेरून कडी बसवली.
बरं केलं, कुंभारेकाकू म्हणाल्या.
सगळेच म्हणाले.
आणि खोटं कशाला बोलू,
मलाही झोप लागली.

सात महिने.
मी शिलाईच्या कारखान्यातून येईपर्यंत
तो खिडकीशी बसून बटाटे निवडायचा :
मोठा, मधला, डागी.
मग बटणं.
मग एकदा माझ्या बीपीच्या गोळ्या.
मी ओरडले.
तो उलटून काहीच बोलला नाही,
आणि तेच मला पुढं कित्येक रात्री ऐकू येत राहिलं.

सिव्हिल लाइन्सला, समितीपुढं,
सगळे मलाच विचारत होते :
फिट येते का, जेवतो का हातानं,
घर कोणाच्या नावावर,
तुमच्यानंतर कोण?

शेवटी त्यातल्या एका बाईंनी फाइल मिटली,
खुर्ची जराशी त्याच्याकडं वळवली :
नरहरीभाऊ, तुम्हाला काय पाहिजे?

मी डोळ्यांनी सांगत होते, म्हण,
ताईजवळ राहीन म्हण.
तो पंख्याकडं पाहत होता.
मग म्हणाला,
ताई पाहिजे.
कडी नाई पाहिजे.

बाईंनी दोन्ही लिहून घेतलं.
मी मान वर केली नाही.

रविवारी सुतार आला. कडी आतून लागली.
नरहरीनं तळहातावर स्क्रू धरले होते, लहान-मोठे वेगळे करून.
बाहेर चार भोकं उरली.
सुतार म्हणाला, लांबी भरून देतो.
राहू द्या म्हटलं.

आता तो पुन्हा बाजारात जातो.
बँकेत खातं आहे, मजुरी जमा होते,
उशिरा, आणि मी भांडल्यावर.
खिशात चिठ्ठी असते : नाव, माझा नंबर,
आणि खाली, अंगठा मागू नये.

काल सात वाजले, सव्वासात झाले.
मी रिंग रोडपर्यंत गेले, परतले, पुन्हा गेले.
'तुमच्यानंतर कोण' हा प्रश्न
माझ्याबरोबर दिव्याच्या खांबाखाली उभा होता.
आला एकदाचा, पिशवीत डागी संत्री घेऊन.
काहून उभी आहे तू इथं? म्हणाला,
आणि माझ्यापुढं तरातरा चालत
घरात शिरला, कडी लावून घेतली.

मी बाहेरच.
दार वाजवलं.
कोण? त्यानं आतून विचारलं,
मीच शिकवलं होतं तसं.

मी पूर्ण नाव सांगितलं.