आवक-जावक

एकतीस वर्षं नगरपालिकेत आवक-जावकला बसलो,
उदगीरचा अख्खा कागद माझ्या हाताखालून गेला.
आता गच्चीवर रंगाचा जुना ड्रम,
तापल्या सळईनं पाडलेली भोकं,
आणि एक दोनशे पानी वही. नोंदीशिवाय करमत नाही.

सोमवार: चहाचा चोथा, दोडक्याच्या शिरा, अंबाडीचे देठ.
मंगळवार: लिंबाचा पाला, मूठभर म्हणता म्हणता पोतंभर.
बुधवार निरंक, होनरावांकडं जेवायला होतो.
गुरुवार: तुरीची टरफलं, वर तांदळाचं धुवण.
नळाला दहाव्या दिवशी पाणी,
कचऱ्याला चांगलं पाणी कोण पाजतं!

शेजारच्या कस्तुराबाई कठड्यावरून विचारतात,
"बिराजदार साहेब, उन्हाचं काय करलालाव वर?"
"मातीला आलोय," म्हणालो.
त्या दचकल्या. कुणाच्या?
"कोबीच्या. देठासकट गेला."

तिसऱ्या आठवड्यात ड्रम तापला.
कोपरापर्यंत हात घातला तर आत
ताप भरलेल्या पोराचं कपाळ.
मग वास सुटला. नीलांबिकेनं जिन्याचं दार लावून घेतलं.
रोपवाटिकेतले खाजामियाँ म्हणाले,
"कोरडं कम पडलालंय, साहेब. कागद घाला."

कागद माझ्याकडं होते.
ट्रंकेच्या तळाशी, घरी आणलेले,
परत न नेलेले.
त्यात एक: मैनाबाई सोनकांबळे, नळजोडणी मिळणेबाबत.
माझ्याच अक्षरात आवक क्रमांक, तारीख,
आणि जावकच्या रकान्यात काहीच नाही.
कुणी साहेब म्हणाला होता, राहू द्या.
राहू दिलं.

बारीक फाडून घातला, वर आंबट ताक शिंपडलं.
वहीत त्या दिवशी एवढंच:
कोरडा कागद, अर्धा किलो.

चार महिने गेले.
नीलांबिकेची गव्हाची चाळणी चोरून खत चाळलं.
काळं, भुसभुशीत,
पाऊस न पडताच पावसाच्या वासाचं.
कोबी ओळखू येईना, लिंब ओळखू येईना,
अर्ज तर नाहीच.
आणि चाळणीच्या जाळीवर खणकन वाजली
टाचणी.
गंजलेली, पण सरळ.

ओंजळभर खत कस्तुराबाईंच्या मोगऱ्याला दिलं.
टाचणी सदऱ्याच्या खिशात आहे,
वाकलो की टोचते.
मैनाबाईंची गल्ली अजून पाठ आहे,
तिथं जाऊन काय म्हणायचं, ते सुचत नाही.

खालून हाक येतेय,
चाळणी कुठंय म्हणून.