खालची फट

शिडी धर, इलादियो. दोन्ही हातांनी.
मोबाइल खिशात.
ह्या बेटावर पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो,
उत्तरेच्या वाऱ्याच्या खांद्यावर बसून,
आणि येताना मीठ घेऊन येतो.

हा जुना स्क्रू बघ.
माझाच. तीन हिवाळ्यांपूर्वी
डबीमागे चारशे पेसो वाचवले होते मी.
गंजाचा ओघळ उतरलाय थेट दारापर्यंत,
खवल्याखवल्यांच्या फळ्यांवरून,
कुणी कोरा चहा कलंडून गेल्यासारखा.
ते स्टेनलेसचे दे. हे नाही, लांबवाले.
फळीत थांबून चालत नाही, मागच्या वाशात शिरले पाहिजेत.
फळी पाहुणी असते, वासा घरचा.

केबल अशी ताणून सरळ आणू नकोस.
आत शिरण्याआधी तिला जरा खाली झुकू दे,
झोळीसारखी, मग वर.
पाणी आळशी असतं, उताराला लागतं.
झोळीच्या तळाशी थेंब होऊन लोंबेल
आणि पागोळीसारखं गळून जाईल, खाली, समुद्रात.
आपण त्याला अडवत नाही रे,
दुसऱ्या कामाला लावतो.

आता कनेक्टर उघड.
हे हिरवं शेवाळ नाही, तांबं आहे.
काप. अजून मागे. चकाकी दिसेपर्यंत काप.
टोकाला ग्रीस, मसुरीच्या डाळीएवढं.
आणि ही टेप ताण, दुप्पट होईल इतकी;
तिला गोंद नसतो, ती स्वतःलाच धरते,
तासाभराने पदर शोधलास तर सापडणार नाही.
खालून वर गुंडाळत ने,
कौलं चढवतात तशी.

सिलिकॉन वरून. डावीकडून. उजवीकडून.
थांब.
खाली नको.

तेव्हा मी खालीही लावलं होतं.
चारी बाजू, बोट फिरवून, सायीसारखं गुळगुळीत.
दोन्या एदेलमिरा म्हणाली, काय सुबक काम.
मग बॉक्समध्ये रोज रात्री थोडी दमट हवा थिजली,
एका श्वासाएवढी,
आणि तिला बाहेर पडायला वाट नव्हती.
ऑगस्टपर्यंत आत बोटभर पाणी.
कॅमेरा आधी धुरकटला, मग आंधळा झाला,
आणि त्याच आठवड्यात पोर्फियादा गेली.
तिच्या नवऱ्याची बोट. नावाचा अर्थ, हट्टी.
पिवळी. इंजिन नवं, हप्ते जुने.

पोलिसांनी चित्रण मागितलं.
सात मिनिटं करडं धुकं.
मी ठाण्यात उभ्यानेच पाहिलं
आणि म्हणालो, मशीनच खराब निघालं.
ती काही बोलली नाही.
बिलाचे राहिले होते म्हणून
पोतंभर बटाटे दिले, जांभळे, मातीसकट.
तुझ्या मावशीने ते महिनाभर रांधले.
मी जेवलो.

आता ती पुएर्तो मोंतला, लेकीकडे, चौथ्या मजल्यावर.
रविवारी फोन आला, कॅमेरा नीट करून दे.
म्हटलं, दोन्या, आता तिथे चोरण्यासारखं काय उरलंय?
म्हणाली, काही नाही. मला भरती बघायचीय.
इथल्या खिडकीतून नुसत्या गाड्या दिसतात.

म्हणून कोन बदलायचा.
धक्क्याकडे नको. खाली, घराच्या खांबांकडे,
पाणी चढतं तिथे.
फटीत नख घालून बघ, मोकळी आहे ना?
एवढीच. मुंगी जाईल इतकी.
जोड वायर. मी तिला फोन लावतो.

दिसतंय का?
पलीकडे कुणाचा तरी टीव्ही चालू आहे.
ती गप्प.
मग म्हणते, डावीकडे घे. अजून. तो कोपऱ्यातला खांब,
रोसामेलने त्याच्यावर खाचा पाडल्यात,
मोठ्या भरतीची एक, एक आमच्या लग्नातली.
हां. तिथेच.

शिडी नीट धर, इलादियो.
फोन ठेवू नका, दोन्या.
त्या बॉक्सच्या खालच्या बाजूचं
मला तुम्हाला सांगायचंय.