उणे मासा

गेल्या साली मी एकोणचाळीस टक्क्यांची बाई होते.
त्याआधी ब्याऐंशी.
तोच फळा, तोच घसा,
बफेलोचं तेच मळकं बर्फ
कुंपणाशी एप्रिलपर्यंत रेंगाळणारं.

फरक एवढाच, की नॉ पॉ वाहने
उत्तरपत्रिकेतले गोल
प्रश्न न वाचताच काळे केले,
तिरके, मग वळवून, मग शेपटीपाशी जुळवून.
मासा.
डोळ्याची जागा तेवढी कोरी.
त्या आठवड्यात तिचा बाप डायलिसिसला होता
आणि नर्स काय म्हणते
ते त्याला तीच सांगायची. नऊ वर्षांची.

यंत्राला मासा दिसला नाही.
सूत्रात तो माझ्या नावापुढे उणे झाला.
मापातच पाप आहे, म्हणायला हवं होतं.
मी सही केली. घरी जाऊन भांडी घासली.

यंदा खोकी आली, सीलबंद.
ग्रंथालयात आम्ही अकराजण.
डेलिया ऑर्टिझ गरोदर, नोकरी कच्ची,
तरी पहिला हात तिचा.
माझा तिसरा. की चौथा.

खोकी अजून तिथंच आहेत,
मुलं त्यांवर बसून डबे खातात.
काल नॉ पॉ वाह पाचवीच्या वर्गातून आली, म्हणाली,
बाई, आतल्या पेन्सिली तरी काढू का?