गोटी

मी रिकाम्या बाटल्या विकतो.
जाड काचेच्या, बुडाला खोल खळगा असलेल्या,
सोबत फुगीर बुचं आणि वर बांधायच्या तारेच्या जाळ्या.
आंबोली उतरताना नमुने मागच्या सीटवर किणकिणतात,
वळणावळणाला एकमेकींना कोपरं मारत.

खाली समुद्राकडे फेसाळ वाइन करणारी माणसं आहेत,
असं एक्साइजच्या कारकुनानं सांगितलं.
तीन नावं दिली, आणि म्हणाला,
जा, पण ऑर्डरची आशा धरू नका.

पहिला मातोंडचा यशवंत कोरगावकर. करवंदाची करतो.
गेल्या मे महिन्यात एका रात्रीत
त्याच्या एकशे बारा बाटल्या फुटल्या.
भिंतीवर जांभळे शिंतोडे अजून आहेत,
चुना मारू देत नाही कुणाला.
"हिशेब आसा तो," म्हणतो, "ऱ्हवांदे डोळ्यासमोर."
माझी बाटली त्यानं हातात तोलली,
नखानं वाजवली, कानाला लावली,
किंमत विचारली
आणि मला जेवायला बसवलं.
सोलकढीनंतर किमतीचा विषय
कोणीच काढला नाही.

दुसरा आरोंद्याचा रेंडेर, बाबल तारी.
मी पोचलो तेव्हा तो माडावर होता,
म्हणून मी माझं भाषण झाडाच्या बुंध्याला ऐकवलं.
उतरला, भांड्यावरचा फेस फुंकरीनं बाजूला केला,
म्हणाला, घ्या.
ओठांना मुंग्या आल्या.
"हिका बाटलीत?" तो हसला.
"सकाळी बाळ, दुपारी बाप्यो, सांजेक म्हातारो.
तेका मधेच खंय थांबवतलास?"

तिसरं नाव पास्कोलीन रॉड्रिग्ज, शिरोडा.
मिठागराच्या वाटेवर सासऱ्याची सोडा फॅक्टरी.
थंड पेयांचे ट्रक गावात आले आणि मशीन थांबलं.
मागे उरल्या दोनशे साठ हिरवट बाटल्या,
प्रत्येकीच्या गळ्यात अडकलेली एक गोटी.

त्यात ती बोंडूचा आंबवलेला रस भरते,
चमचाभर साखर घालते,
आणि बाटल्या रेतीत उलट्या रोवते, डोकं खाली.
गोटी घरंगळून रबराच्या कडीवर बसते.
रस जागा होत जातो,
आणि जागा होता होता
स्वतःच आतून कडी लावून घेतो.

मी टेबलावर बुच मांडलं, जाळी मांडली, तार पिळून दाखवली.
जन्मभर खाडी पोहलेली बाई
हवेची ट्यूब विकणाऱ्याकडे बघेल
तशी ती बघत राहिली.
"आतलो दाब बरो आसलो," म्हणाली, "तर भायली तार कित्याक?"

मग अंगणात नेलं.
बाटली उलटीच धरून अंगठ्यानं गोटी दाबली,
मानेत साचलेला गाळ चूळ भरल्यासारखा उडाला
खुरसाच्या पायथ्याशी.
झटक्यात सुलटी केली.
चार थेंब कुंपणापलीकडे, राखणदाराला.
"सासरो घाली. म्हणान."

स्टीलच्या पेल्यात प्यायलो.
आधी घसा धरते, कच्च्या काजूसारखी, रागानं.
मग सोडते.
मग कुठून तरी मागून येतो
उन्हात तापलेल्या पाल्याचा वास,
आणि जिभेवर बारीक बारीक काही
फुटत राहतं, कुणाला न सांगता.

निघताना तिनं एक रिकामी बाटली दिली.
भरलेली असताना गोटी गप्प बसते,
रिकामीत मात्र सारखी बडबडते.
घाटभर ती माझ्या नमुन्यांशी बोलत होती.

रात्री लॉजवर ऑर्डरबुक उघडलं.
मातोंड: जेवण. आरोंदा: काही नाही.
शिरोडा: रबराच्या कड्या, दोनशे साठ नग,
जुन्या मापाच्या. कुठे मिळतात बघणे.

कड्या मी विकत नाही.