दीड ओळ

वाचनालयाच्या मागच्या टेबलावर
गुणवंतनं तीन पुस्तकं आपटली,
तिन्ही श्रीलंकेची.
"पाहा सिस्टरबाई, कोनतं जमते तं."
विहारातून आम्ही अकरा जणं जाणार,
इंग्रजी वाचणारी एकटी मीच.

पहिल्यात नुसती हॉटेलं.
दुसऱ्यातला समुद्र इतका निळा
की बोट लावून पाहिलं, रंग सुटतो का.
तिसऱ्याची शिवण उसवलेली.

एकतीस वर्षं दवाखान्यात काढली;
लेबल बघितल्याशिवाय शिशी उघडत नाही मी.
म्हटलं, गुणवंत,
ह्याच कंपन्यांची भारताची पुस्तकं काढ.
आपल्याबद्दल कोण किती खोटं बोलतं,
ते आधी पाहू दे.

पहिल्यात वरुड नाही.
दुसऱ्यात नागपूर, अन् पान उलटलं की थेट वाघ.
तिसऱ्यात दीड ओळ:
'संत्र्यांचं गाव. पाहण्यासारखं काही नाही.
बस बदलावी लागते, चहा बरा मिळतो.'

गुणवंत भडकला, "काही नाही म्हंजे?"
मला मात्र स्टँडवरचा देवरावचा चहा आठवला.
बराच असतो. फार चांगला नसतो.
तिसऱ्यावर सही केली.

रात्री अनुराधपूरच्या वाटेवर बोट फिरवत होते.
एका गावापुढे पुन्हा तेच: बस बदलावी लागते.
चहाबद्दल काही लिहिलेलं नाही.
त्या नावाभोवती पेन्सिलीनं गोल केला.

बाकी दहा जणांना अजून सांगितलं नाही
की तिथं आपण एक दिवस राहणार आहोत.
विमानात संत्री नेऊ देतात का,
तेवढं विचारायचंय.