न जमलेले गुलाबी

जून सरत आलेला. फाटकापाशी ओदील
तिकीट फाडते, हाताची माती तशीच.
"चित्रकार ना? अवजारांच्या खोलीत बघा,"
म्हणते, आणि पुन्हा सुकली फुलं छाटू लागते.

खोलीच्या दाराला, आतून,
कुंचले पुसल्याचे फराटे.
शंभर वर्षांपूर्वीचे गुलाबी, एकावर एक :
कुठला भडक, कुठला मळका,
एक तर सरळ कांद्याच्या सालीचा.
जमले ते पॅरिसला गेले, काचेआड.
हे राहिले.

बाहेर ऊन उतरलंय
भिंतीवरच्या वेलगुलाबावर.
"मूळ झाड छप्पनच्या थंडीत गेलं,"
ओदील सांगते,
"हे त्याच्या कलमाचं कलम."

मी रंगाला नाव शोधत उभा.
भडक नाही. मळका नाही.
ती किल्ल्या वाजवते.
फाटक लावायचंय.