पहिलं पाणी

दर शनिवारी चर्चमधला मिंगेल
वेदीवरची कापडं आणून देतो, जुन्या पेपरात गुंडाळून.
सासूनं मला एकच बजावलं होतं :
पहिलं पाणी गटारात जायचं नाही.
पेला पुसलेल्या कापडात द्राक्षारसाचा एखादा थेंब असतो,
त्याला नुसता थेंब म्हणायचं नाही.
ते पाणी मातीत ओतायचं.

तिच्या वेळी मरोळ गावठाणात मातीला तोटा नव्हता.

यंदा बस्त्यावचा डावा हात झोपला तो उठलाच नाही.
मेल्विननं कार्गोचा गेटपास परत केला
आणि खोलीचं दार लावून घेतलं.
कर्जवाल्यांचा फोन दिवसातून अकरा वेळा.
रविवारी फादर म्हणाले, भिऊ नका.
मी भीत नव्हते, फादर,
मी मोजत होते.
जपमाळेच्या मण्यांवर हप्ते मोजत होते,
दहावा मणी हाताला लागला की कळायचं,
मरियेचं नाव एकदाही घेतलेलं नाही.

दर तीन मिनिटांनी पत्र्यावरून विमान जातं,
फळीवरच्या ताटल्या थरथरतात,
आणि माझी प्रार्थना नेमकी
स्वर्ग या शब्दावर अडते.

लहानपणी मला त्याचा राग यायचा :
एवढं वादळ, होडीत पाणी,
आणि हा उशीवर डोकं ठेवून खुशाल झोपलेला.
आधी उठून पाणी तरी उपसायचं!

काल परात घेऊन निघाले.
दारापासून क्रुसापर्यंत सगळे पेव्हर ब्लॉक,
नगरसेवकाच्या नावाची पाटी.
जुडूच्या अंगणात फरशी,
विहिरीवर स्लॅब, स्लॅबवर स्कूटर.
माझी कढीपत्त्याची बादलीसुद्धा
ॲम्ब्युलन्स आली त्या रात्री कुणाच्या तरी पायानं फुटली.
ओंजळभर पाणी,
आणि अख्ख्या मुंबईत त्याला जागा नाही.
परात हिंदकळू नये म्हणून हळू चालत होते,
इतकं हळू मी कित्येक महिन्यांत चालले नव्हते.

क्रुसाच्या पायथ्याशी एक ब्लॉक निखळला होता.
वीतभर माती, तिच्यात मेणाचे थेंब,
मुंग्यांची रांग.
मुंग्या जाईपर्यंत थांबले.
मग ओतलं.

मातीनं आवाज न करता ते घेतलं.
मी काही मागितलं नाही.
वर विमान गेलं, आणि पहिल्यांदाच
ते गेल्यावर उरलेलं ऐकू आलं.
ती उशी आठवली.
वाटलं, झोपला होता तो होडीतच,
काठावर नव्हे.

घरी आले तेव्हा काही बदललेलं नव्हतं.
बस्त्याव खिडकीशी, मेल्विनचं दार बंद.
कापडाला खळ लावली, इस्त्री तापत ठेवली,
तीन उभ्या घड्या, तीन आडव्या,
मध्यभागी येतो तो चौकोन हातानंच दाबला.
हात थरथरत नव्हता. हे मला
घडी घालून झाल्यावर लक्षात आलं.

तेवढ्यात फोन. बारावा.
नेहमीचाच पोरगा, नेहमीचा चढा आवाज.
म्हटलं, पैसे आज नाहीत रे बाबा,
उद्याचं उद्या बोलू.
तू जेवलास का?

पलीकडे बराच वेळ
दुसऱ्यांचे फोन वाजत राहिले.
मग तो हळूच म्हणाला,
नाही अजून.